विषयाच्या विरोधात

३ जुलै

प्रिय आत्या,

पाकीट बघून दचकू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. फोन सोडून पत्र लिहितेय कारण फोनवर तू "हो, छान, सगळं ठीक" यापलीकडे काही बोलतच नाहीस. आजोबा शेजारी बसलेले असतात म्हणून, हे मला कळतं. मी आता काही लहान नाही.

बातमी अशी की मी शाळेच्या वादविवाद संघात शिरले! आई म्हणाली, "शिरलीस कसली, घरात तू कधीपासून त्याच संघात आहेस." निवड कशी झाली ते ऐक. संघाच्या बाईंनी वर्गात सगळ्यांना एका ओळीत उभं केलं आणि म्हणाल्या, पंखा बंद करावा या बाजूने बोला. माझी पाळी आल्यावर मी असं बोलले की मागच्या बाकावरचा एकजण खरंच बटणाकडे निघाला. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "आता विरोधात." मी श्वाससुद्धा न घेता विरोधात सुरू झाले. बाई हसल्या आणि त्यांनी माझं नाव लिहून घेतलं. गंमत म्हणजे आत्या, मला दोन्ही वेळा अगदी मनापासून पटलं होतं.

आमच्या संघात दोघंच बोलणार, मी आणि एक चष्मिष मुलगा. तो बोलताना घसा इतका साफ करतो की निम्मी वेळ त्यातच जाते. पुढच्या महिन्यात आंतरशालेय स्पर्धा आहे. विषय आहे, "वृद्धांची काळजी घरच्यांनीच घ्यावी, संस्थेने नव्हे." बाजू आपण निवडायची नसते. स्टेजवर जायच्या थोडं आधी नाणं उडवतात आणि जी येईल ती बाजू घ्यायची. म्हणून दोन्हींची तयारी करावी लागते.

विषय वाचला आणि मला तूच आठवलीस. आजोबांचं सगळं तूच तर करतेस. तेव्हा मला मुद्दे पाठव, बाजूचेही आणि विरोधातलेही. पुस्तकातले नकोत, ते सगळे तेच ते बोलतात. आणि हो, बाबा स्पर्धेला येणार आहे! शाळेत तो आजवर फक्त माझी तक्रार ऐकायला आलाय.

तुझी,
भुंगा

•

११ जुलै

चि. भुंग्यास,

तुझं पत्र दुकानात घेऊन गेले आणि चष्म्याच्या काचा घासता घासता वाचलं. एका गिऱ्हाइकाची काच वाकडी बसली त्यामुळे. दोष तुझा, बोलणी मला.

संघात गेलीस, बरं केलंस. तुझ्या तोंडाला काहीतरी काम हवंच होतं. दादाला म्हणावं, वेळेवर जा आणि पुढे बस, त्याला मागे बसून डुलक्या काढायची सवय आहे.

मुद्दे लिहून घे. एक, आईवडिलांनी आपल्याला वाढवलं, आता आपली पाळी. दोन, म्हाताऱ्या माणसाला ओळखीची भिंत, ओळखीचा पलंग, ओळखीचे आवाज लागतात. अनोळखी जागेत माणूस लवकर खचतो. तीन, घरच्या हाताची माया पगारी हाताला येत नाही. चार, घरातली मुलं बघून शिकतात.

विरोधातलं मला जमणार नाही. अण्णांचं करते त्यात मी काही विशेष करत नाही, आणि त्याच्या विरोधात बोलायचं म्हणजे काय, ते मला सुचत नाही. चष्मिषला विचार.

आत्या

•

१८ जुलै

आत्या,

रागावू नकोस, पण तुझे मुद्दे म्हणजे फळ्यावरचा सुविचार. बाईंना दाखवले. त्या म्हणाल्या, "हे परीक्षकांना पाठ आहे." मग म्हणाल्या, ज्याला विरोधी बाजू मांडता येत नाही त्याला आपली बाजूही नीट कळलेली नसते.

तुला कुणी खरं बोल म्हणत नाहीये गं. खेळ समज. आम्ही नाही का पंख्याच्या विरोधात बोललो? म्हणून काय पंख्याचा राग आहे का आम्हाला? तू फक्त अशी कल्पना कर की एक बाई आहे, ती घरी वडिलांचं करते, आणि तिला ते नको झालंय. ती काय काय म्हणेल? तेवढंच लिही. तुझं नाव मी कुणाला सांगणार नाही, देवाशप्पथ.

लिही ना गं. स्पर्धा जवळ आलीय आणि विरोधाच्या बाजूला माझ्याकडे नुसता "सर्व वृद्धाश्रम वाईट नसतात" एवढाच मुद्दा आहे. हे बोलले तर टाळ्यांऐवजी लोक जांभया देतील.

भुंगा

•

२७ जुलै

भुंग्या,

बरं बाई. खेळ समजून लिहिते.

ही तुझी बाई संध्याकाळी दुकानातून निघते तेव्हा तिचे डोळे काचांच्या धुळीने चुरचुरत असतात. घर जवळ आहे. तरी ती मंडईकडून वळसा घालते. भाजी घ्यायची नसते. नुसती फिरते, वांगी हातात घेते, खाली ठेवते. भाजीवाला आता तिला काही विचारतसुद्धा नाही.

घरी वडील दाराच्या आत उभे असतात. ते आयुष्यभर बसमध्ये कंडक्टर होते. हल्ली मुलीला ओळखत नाहीत, पण तिकीट विसरलेले नाहीत. हात पुढे करून म्हणतात, "तिकीट?" तिकीट दिल्याशिवाय आत सोडत नाहीत. पहिल्यांदा ती हसली होती. नंतर रडली. आता पर्समध्ये कागदाचे कपटे ठेवते. कपटा दिला की ते त्याला नखाने भोक पाडतात आणि म्हणतात, "पुढे चला, पुढे चला." मग ती पुढे जाते आणि भांडी घासते.

तिला ते "बाई" म्हणतात. बाई, पाणी. बाई, माझी मुलगी शाळेतून आली का? ती म्हणते, येईल. शेजारच्या काकूंकडे दुसरी किल्ली असते, दिवसभर त्या लक्ष ठेवतात, पण काकूंनाही त्यांचं घर आहे. म्हणून ती जाताना स्वयंपाकघराला कुलूप लावते, गॅसची नळी काढते. आंघोळीला ते तिला ढकलतात, कारण परक्या बाईसमोर कपडे काढायची त्यांना लाज वाटते. त्यात त्यांचं काय चुकलं? पण तिच्या दंडावर वळ उठतात आणि ती उन्हाळ्यातही लांब बाह्यांचं घालते.

तिचा भाऊ फोन करतो. चांगला आहे तो. म्हणतो, "तू आहेस म्हणून निभतंय गं." ते ऐकलं की तिला रिसीव्हर भिंतीवर आपटावासा वाटतो. मग ती म्हणते, हो, छान, सगळं ठीक.

आणि एक मुद्दा लिही. संध्याकाळी ती किल्ली कुलपात घालते, आणि दार उघडायच्या आधी थांबते. कान देते. आणि एक क्षण, एकच, तिला वाटतं की आतून आवाज येऊ नये.

हे वापरायचं तर वापर. पुरे झाला हा खेळ. मला आता यावर विचारू नकोस.

आत्या

•

१३ ऑगस्ट

आत्या!!

जिंकलो. पहिला नंबर. मला उत्कृष्ट वक्त्याची ढालसुद्धा मिळाली, ती इतकी जड आहे की चष्मिषने धरायला मदत केली.

नाणं पडलं आणि आमच्या वाट्याला विरोध आला. चष्मिष पांढराफटक पडला. मी म्हटलं, घाबरू नकोस, माझ्याकडे माल आहे. तुझं नाव घेतलं नाही हं. "माझ्या ओळखीतल्या एक बाई" असं म्हटलं. आधी मंडईचा वळसा, मग तिकीट. तिकिटाला लोक हसले, अगदी मोठ्याने. मग मी "बाई, माझी मुलगी शाळेतून आली का" म्हटलं आणि हसू एकदम बंद झालं. शेवटी किल्ली. मी मुद्दाम थांबले, बाईंनी शिकवलंय तसं, आणि मग आवाज खाली आणून ते वाक्य बोलले. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. घंटा वाजली ती मला ऐकू आली नाही. पुढच्या रांगेतल्या एक आजी डोळे पुसत होत्या. आत्या, तू काय लिहितेस गं! कल्पनेतून इतकं? तूच संघात यायला हवं होतंस.

फक्त बाबाचं काहीतरी बिनसलंय. तो पुढेच बसला होता, तू सांगितल्यासारखा. पण बक्षिसं द्यायच्या वेळी दिसला नाही. बाहेर गेटपाशी उभा होता. बसमध्ये मी ढाल त्याच्या मांडीवर ठेवली तर त्याने ती माझ्याकडे परत दिली. घरी जेवलाही नाही. आई म्हणते, बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल. मला वाटतं, मी इतकं चांगलं बोलेन असं त्याला वाटलं नव्हतं.

भुंगा

•

२४ ऑगस्ट

भुंग्या,

तुझा बाप इथे येऊन गेला. न कळवता आला. मी दुकानातून घरी पोहोचले तर काकूंनी दार उघडून दिलेलं, हा दारात, आणि अण्णा त्याच्याकडे तिकीट मागतायत. त्याने खिशातून बसचं खरं तिकीट काढून दिलं आणि तिथेच पायरीवर बसून रडायला लागला. एवढा मोठा माणूस.

"ओळखीतल्या एक बाई" म्हणे. अगं, तिकीट मागणारा म्हातारा जगात किती जणांचा असतो? नाव झाकलंस आणि बाकी सगळं उघडं टाकलंस, तेही भरल्या सभागृहात, त्याच्या समोर.

मी त्याला म्हटलं, ते स्पर्धेचे मुद्दे होते, पोरीने मागितले म्हणून लिहिले. त्याने माझी बाही वर केली, बघितली, परत खाली केली. म्हणाला, "मला का नाही सांगितलंस? मी काय परका होतो?" त्याने तिथल्या तिथे संस्था ठरवली. चांगली आहे म्हणतो, बाग आहे, डॉक्टर आहे. मी नको म्हणाले. खूप वेळा म्हणाले. तो म्हणतो, तू आता सवयीने नको म्हणतेयस, तुझं खरं काय ते मी ऐकलंय.

माझंच बोलणं माझ्या तोंडावर.

सोमवारी नेतायत. तुला ढाल मिळाली ना? ठेव नीट.

आत्या

•

२७ ऑगस्ट

आत्या,

मला खरंच कळलं नव्हतं. मला वाटलं, कंडक्टर तेवढे आजोबांसारखे, बाकी सगळं तू रचलंयस. तू म्हणालीस खेळ समजून, म्हणून मी खेळच समजले. किती मूर्ख आहे मी.

मी बाबाला सांगितलं की आत्याला हे नकोय, तू थांबव. तो म्हणाला, "भुंग्या, हा मोठ्यांचा विषय आहे." स्टेजवर तो माझा विषय होता तेव्हा चाललं! असं म्हटलं तर आईने डोळे वटारले.

मी काय करू ते सांग. तू सांगशील ते करते. माझ्याशी अबोला धरू नकोस ना गं.

भुंगा

•

१९ सप्टेंबर

आत्या,

तू फोनही घेत नाहीस. शेजारच्या काकू म्हणाल्या, दुकानात जातेस, येतेस, बरी आहेस. म्हणजे मला टाळतेयस. टाळ. पण हे वाच.

रविवारी आम्ही आजोबांना भेटायला गेलो. आतला पॅसेज लांब, दोन्हीकडे दारं, फरशी ओली आणि औषधाचा वास. आजोबांच्या खोलीत आणखी एकजण आहेत, ते भिंतीकडे तोंड करून झोपून असतात. आजोबांचे केस कुणीतरी अगदी बारीक कापलेत. बाग आहे, पण तिथे जायच्या दाराला कडी असते. आजोबा त्या दारापाशी स्टुलावर बसले होते. त्यांनी कुणाकडेच तिकीट मागितलं नाही. माझ्याकडेही नाही. मी हातात कागद धरून उभी राहिले, त्यांनी तो घेतला आणि खिशात ठेवला. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

घरी येऊन मी बाबाशी बोलायला बसले. तयारी करून. तुझेच मुद्दे, पहिल्या पत्रातले, ओळखीची भिंत, ओळखीचा पलंग, ओळखीचे आवाज. ते फळ्यावरचे नाहीत गं, मी उगाच हसले तुला. ते सगळे त्या स्टुलावर बसले होते. मी चांगली बोलले, स्पर्धेपेक्षा चांगली. बाबाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तू तेव्हा तिकडून बोललीस तेही मला असंच पटलं होतं. आता इकडून बोलतेयस. तुझं कुठलं बोलणं मनावर घ्यायचं, ते सांग."

मी ताटावरून उठून गेले.

संघ सोडला मी. बाई म्हणाल्या, राज्यपातळीची स्पर्धा आहे, वेडी आहेस का? मी म्हटलं, हो.

भुंगा

•

६ ऑक्टोबर

आत्या, आत्या, ऐक!

बाबा तयार झाला! मी काही बोलले नाही ह्या वेळी, शप्पथ, एक शब्द नाही. मी नुसती हट्ट करून त्याला परत तिथे घेऊन गेले आणि भेटायची वेळ संपेपर्यंत उठू दिलं नाही. एरवी तो फळं ठेवतो, डॉक्टरांशी बोलतो आणि निघतो. ह्या वेळी बसावं लागलं. शेवटी आजोबांनी बाबाचा हात धरला आणि विचारलं, "घरी कधी सोडणार?" अगदी सरळ, नेहमीच्या आवाजात. बाबा म्हणाला, "लवकरच, अण्णा." ते म्हणाले, "लवकर म्हणजे कधी?" बाबाचा चेहरा बघवत नव्हता.

बाहेर आल्यावर म्हणाला, माझं चुकलं. दिवसा सांभाळायला एक माणूस ठेवू, मी दर महिन्याला येत जाईन, पण अण्णांना घरी आणू. तिथल्या बाईंना सांगूनही आला की येत्या रविवारी नेणार. आजोबांच्याही कानावर घातलं. तुला तो दोनतीन दिवसांत फोन करणार आहे. घे हं तो फोन! तुला हवं होतं तसंच झालं आत्या. आता तरी रागावणं सोड.

तुझीच,
भुंगा

•

१७ ऑक्टोबर

लाडक्या भुंग्यास,

दादाचा फोन घेतला. मी नाही म्हटलं.

तुला ते कुणी सांगितलं असेल की नाही ठाऊक नाही, म्हणून मीच लिहितेय. तू माझ्यासाठी इतकी धडपडलीस, तुला अर्धवट सांगणं बरं नाही.

मी तुझ्यावर रागावले ते तू चुकीचं बोललीस म्हणून नाही. तू एक अक्षर चुकीचं बोलली नाहीस. तुझ्या पत्राला उत्तर म्हणून लिहायला बसले तेव्हा खेळच समजले होते, पण पहिल्या चार ओळींनंतर पेन थांबेना. पाकीट पेटीत टाकलं आणि घरी येईपर्यंत मला इतकं हलकं वाटत होतं की मला माझीच भीती वाटली. आणि तू ते जगासमोर म्हटलंस. म्हणून तुला बोलले. बोल लावायला कुणीतरी हवंच होतं ना, तू सापडलीस.

त्यांना नेलं त्या दिवशी संध्याकाळी मी मंडईत गेले नाही. सरळ घरी आले. कुलूप काढलं, कान दिला, आतून काही आवाज नाही. मी वाट बघत उभी राहिले की आता मला रडू येईल. आलं नाही. मी पोळी भाजी केली, गरम गरम खाल्ली, दिवा मालवला आणि सकाळपर्यंत कूसही बदलली नाही. किती दिवसांनी झोपले गं अशी. उठले तेव्हा इतकी लाज वाटली की त्या दिवशी दुकानात कुणाच्या डोळ्याला डोळा देववेना. डोळे बघण्याचंच तर काम माझं.

तेव्हापासून रोज झोपतेय. दंड बरे झालेत. दुकानाच्या मालकांनी विचारलं, तब्येत सुधारली वाटतं? तुझी पत्रं येत होती, आत्याला हे नकोय, आत्याला अण्णा घरी हवेत. ती वाचून तुला काय लिहू? लिहायचं तर हे लिहावं लागलं असतं. म्हणून गप्प बसले.

दादाने फोनवर विचारलं, "मग मी नेऊ का माझ्याकडे?" मी म्हटलं, ने. तो म्हणाला, "बघतो." त्याला दोष देऊ नकोस. आणि आता यावर त्याच्याशी काही बोलू नकोस, ना इकडून ना तिकडून. संघात मात्र परत जा. बोलता येणं वाईट नाही. मला वेळेवर बोलता आलं असतं तर बरं झालं असतं.

त्या ठरलेल्या रविवारी मी तिथे गेले. मला वाटलं होतं की न्यायचं रद्द झालं हे दादाने तिथे कळवलं असेल, आणि त्याला वाटलं असेल मी कळवलं. कुणीच कळवलं नव्हतं. अण्णा पलंगावर तयार होऊन बसले होते. शर्टाचं गळ्यापर्यंत बटण लावलेलं, पायात चपला. तिथली कामाची मुलगी म्हणाली, सकाळपासून असेच बसलेत, जेवायलासुद्धा उठले नाहीत, मुलगी न्यायला येणार म्हणतात.

मी आत गेले. माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, जरा सरका, दारातून दिसत नाही. माझी मुलगी यायची आहे."

मी म्हटलं, "आज नाही यायची ती."

"बरं," म्हणाले.

मी खाली बसले आणि त्यांच्या एका पायातली चप्पल काढली. दुसरा पाय त्यांनी आपणहून पुढे केला.

तुझी,
आत्या